प्रॉग्नोसिस : एका शब्दाची ओळख

शब्द फोडून पाहण्याची सवय मला आपल्या शाळेने लावली. आमचे इंग्रजीचे सर नवा शब्द फळ्यावर लिहिला की त्याचे तुकडे पाडून दाखवत, आणि संस्कृतच्या बाई त्याच तुकड्यांची भावंडे आपल्याकडे शोधायला लावत. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना, आणि नंतर आयुष्यभर रुग्ण तपासताना, ज्या शब्दाचा या सवयीमुळे मला सर्वाधिक उपयोग झाला त्याविषयीच या स्मरणिकेत लिहावे असे वाटले. तो शब्द म्हणजे ‘प्रॉग्नोसिस’, म्हणजेच आजार पुढे कोणते वळण घेईल याविषयीचे वैद्याचे अनुमान.

शब्द ग्रीक आहे. ‘प्रो’ म्हणजे आधी आणि ‘ग्नोसिस’ म्हणजे जाणणे. या ‘ग्नो’चे आणि आपल्या ‘ज्ञा’ धातूचे मूळ एकच असून, जाणणे या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’ या क्रियापदात लिहिला जाणारा पण उच्चारला न जाणारा ‘के’ हीदेखील त्याच मुळाची खूण आहे. ‘प्रो’ आणि संस्कृत ‘प्र’ यांचेही नाते असल्याने घडणीच्या दृष्टीने प्रॉग्नोसिस आणि प्रज्ञा हे सख्खे शेजारी ठरतात. अर्थ मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या दिशांनी वाढला.

हा अर्थ वैद्यकात रुजला तो हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत. इसवी सनापूर्वी ४६०च्या सुमारास कोस बेटावर जन्मलेल्या या वैद्याच्या नावावर ‘प्रॉग्नोस्टिकॉन’ नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. वैद्याने आधी जाणण्याचा अभ्यास करावा, असे तो आरंभीच सांगतो आणि त्याच ओघात हेही मान्य करतो की सर्वच रोगी बरे करता आले असते तर ते अधिक चांगले झाले असते, पण ते शक्य नाही. त्यानंतर येते गंभीर रुग्णाच्या चेहऱ्याचे वर्णन : टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे, आत बसलेली कानशिले, थंड पडून आक्रसलेले कान, कपाळाची ताणलेली कोरडी त्वचा. आजही डॉक्टर या मुद्रेला हिप्पोक्रेटिसचेच नाव देतात. मला मात्र या वर्णनाहून त्याच्या पुढचा भाग मोलाचा वाटतो. असा चेहरा दिसला तरी लगेच निष्कर्ष काढू नये. रुग्णाला झोप लागली नव्हती का, जुलाब फार झाले का, तो उपाशी होता का, हे विचारावे, कारण यांपैकी काही घडले असेल तर धोका कमी समजावा, असे ग्रंथकार बजावतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी मृत्यूची खूण लिहून ठेवणारा हा माणूस पुढच्याच वाक्यात ती खूण पुन्हा तपासायला लावतो, याचे मला अपार कौतुक आहे.

भविष्यकथनाचा ‘प्रॉफेसी’ हा शब्दही ग्रीकच, पण त्यात बोलणे या अर्थाचा धातू आहे. देवाच्या वतीने बोलणारा तो ‘प्रॉफेटेस’. तिथे प्रमाण देवाचे, इथे नाडीचे, श्वासाचे, लघवीचे. हा भेद लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने तापाच्या गतीविषयी केलेली अनुमाने खरी ठरू लागली, तेव्हा तो शकुन पाहून सांगतो, असे त्याचे विरोधक म्हणू लागले. आपल्याकडे चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा संपूर्ण विभाग अशाच लक्षणांना वाहिलेला आहे, आणि रोग साध्य, कष्टसाध्य, याप्य (म्हणजे पुरता बरा न होणारा, पण उपचाराने आटोक्यात राहणारा) की असाध्य हे आधी ठरवून मगच चिकित्सेला हात घालावा, अशी आयुर्वेदाची शिस्त आहे.

‘डॉक्टर, पेशंट वाचेल ना?’ हा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांना हवा असतो तो शब्द, आणि वैद्याने द्यायची असतात ती लक्षणे. काल रात्रीपेक्षा लघवीचे प्रमाण वाढले आहे, रक्तदाब औषधाच्या कमी मात्रेवर टिकतो आहे, श्वासाची गती मात्र अजून मनासारखी नाही, आणि उद्या सकाळी हे सारे पुन्हा पाहून आजचे अनुमान कदाचित बदलावे लागेल, असे मी त्यांना बसवून सावकाश सांगत आलो. आपल्या शाळेतून वैद्यकाकडे जाणाऱ्या मुलामुलींनीही ते तसेच सांगावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.