काशीची पंचतीर्थी: पायऱ्या, पाणी आणि क्रम

पंचतीर्थी म्हणजे काशीत गंगेच्या पाच घाटांवर करायचं स्नान. तिचा क्रम ठरलेला आहे: अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका. दशाश्वमेधाहून आदिकेशवाला जाताना मणिकर्णिका आणि पंचगंगा वाटेतच लागतात, पण तिथे नुसते हात जोडायचे. स्नान परतीच्या वाटेवर. गंगा इथे उत्तरवाहिनी, त्यामुळे जाताना नाव प्रवाहाबरोबर चालते आणि येताना प्रवाहाविरुद्ध. परतीला जास्त वेळ धरा. नाव ठरवतानाच दोन्ही घाटांवर थांबायचं बोलून घ्या, नाहीतर नाववाला सरळ दशाश्वमेधाला आणून सोडतो.

आम्ही उजाडायच्या आत अस्सीवर उतरलो. घाटिये, म्हणजे घाटावरचे पंडे, बांबूच्या मोठ्या छत्रीखाली लाकडी चौकी मांडून बसलेले असतात. नाव, गोत्र सांगून पाचही तीर्थांचा संकल्प इथेच करून घ्यावा, आणि दक्षिणेचं आधी ठरवावं. पाण्यात पाय घालण्यापूर्वी ओंजळभर गंगा डोक्याला लावायची, मग उतरायचं. तीन बुड्या, उगवत्या सूर्याला अर्घ्य. काठ पूर्वाभिमुख असल्यामुळे सूर्य समोर, पलीकडच्या वाळूवर उगवतो. साबण नको, चूळ भरणं नको, ओली वस्त्रं नदीत पिळणं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंढरपूरच्या वाळवंटातून चालत जाऊन चंद्रभागेत बसायची सवय असलेला माणूस इथे फसतो. काशी वसली आहे ती नदीच्या वळणाच्या बाहेरच्या काठावर. धार याच काठावर येते आणि गाळ पलीकडे टाकते. म्हणून समोर वाळू आणि आपल्या पायाशी खोल पाणी. पाण्याखाली पायऱ्या दिसत नाहीत आणि शेवटची पायरी संपली की पाय एकदम खाली जातो. पाण्याच्या रेषेलगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर हिरवं, तुळतुळीत शेवाळ असतं. माणसं घसरतात ती बहुतेक तिथेच. पायरीच्या कडेवर टाच ठेवू नका, पूर्ण तळवा टेकवा आणि दुसरा पाय ठाम बसल्याशिवाय पहिला उचलू नका. साखळी असेल तिथेच उतरा. कमरेएवढं पाणी पुरे, तिथेच खाली वाकून बुडी घ्यावी.

पुढे मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाट स्वतःच्याच भारानं खचला. नदीकाठच्या मातीवर एवढा दगड चढवला की काय होतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं मंदिर कललेलंच उभं आहे. त्याचा गाभारा वर्षातले कित्येक महिने पाण्यात असतो.

आदिकेशव राजघाटाच्या पुलापलीकडे, वरणा नदी गंगेला मिळते त्या संगमावर. गर्दी नाही, निवांतपणा आहे. पाचांत आम्हाला सगळ्यात आवडलेलं हे ठिकाण.

पंचगंगेची चढण उभी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी थांबत थांबत चढावं. वर बिंदुमाधवाचं मंदिर. कार्तिकात गेलात तर संध्याकाळी इथेच थांबा. उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या परड्या टांगलेल्या असतात. परडी दोरीनं खाली घ्यायची, आत पणती ठेवायची आणि हळूहळू वर ओढायची. झटका बसला तर तेल सांडतं, दिवा विझतो. पितरांच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून हे आकाशदिवे.

श्रावण-भाद्रपदात पंचतीर्थीचा बेत करू नका. इथली धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर, पाणी तिच्या जवळ आलं की नावा बंद होतात आणि घाटांची एकमेकांशी जोडलेली वाटही बुडते. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पूर ओसरला तरी पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो; तो पंपाच्या धारेनं धुऊन काढायला बरेच दिवस जातात. पौषात धुक्यामुळे सकाळी नाव उशिरा सुटते. वैशाखात दगड लवकर तापतो, अनवाणी चालवत नाही. मार्गशीर्ष किंवा माघ-फाल्गुन उत्तम.

मणिकर्णिकेला चक्रपुष्करिणी कुंड पुरात गाळानं भरतं आणि दरवर्षी उपसावं लागतं. शेजारी चिता अखंड जळत असतात. तिथे फोटो काढू नका, लाकडांच्या वाटेत उभे राहू नका. स्नान उरकून कोरडी वस्त्रं नेसा आणि विश्वनाथ, अन्नपूर्णेच्या दर्शनाला चढा. मंदिरात मोबाईल चालत नाही, तो मुक्कामीच ठेवून निघा.