सही का केली नाही, ते

"माफ केलं का त्याला?" हा प्रश्न मला उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात, नंबराची वाट बघत बसले असताना विचारला गेला. विचारणारे आपलेच असतात. माझे यजमान आणि धाकटी मुलगी २०१८ साली नगर-मनमाड रस्त्यावर अपघातात गेले, हे त्यांना ठाऊक असतं. दफनाला त्यातले बरेच जण होते. म्हणून ती हकीकत पुन्हा सांगत नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो आणि तो तोंडावर कुणी विचारत नाही: ख्रिस्ती असून खटला कशाला चालवतेस?

खटला मी चालवत नाही, सरकार चालवतं. कलम ३०४-अ, निष्काळजीपणामुळे मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा, जामीन ठरलेलाच. नव्या कायद्यात ती पाच वर्षं झाली, पण आमचा अपघात जुन्या कायद्यातला. नुकसानभरपाईचा दावा वेगळा होता आणि ते पैसे विमा कंपनीने भरले. "पैसे घेतलेत ना, आता सोडा की" हेही मला ऐकवून झालंय, म्हणून हा हिशेब.

आता त्या संध्याकाळबद्दल. मंडळीत तिच्या तीन-चार आवृत्त्या फिरतायत, आणि एकीत तर मी त्या माणसाला घराबाहेर काढलं असं आहे.

नाताळ होऊन गेला होता. पाळकसाहेब आले, चर्चच्या पंचकमिटीतले एक काका आले, ज्याच्यावर खटला आहे त्या मुलाचे वडील आले आणि त्यांच्यामागून फाईल घेतलेला एक तरुण. मुलाच्या वडलांनी आत आल्या आल्या माझे पाय धरले. ते रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. पाळकसाहेबांनी मत्तयाचा अठरावा अध्याय काढला, सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर, तो. प्रार्थना झाली. 'आमेन' मीही म्हटलं. मग फाईल उघडली.

प्रतिज्ञापत्र होतं. तीन वाक्यं मला अजून पाठ आहेत, शब्द इकडेतिकडे झाले असतील. गाडी कोण चालवत होतं याची आम्हास माहिती नाही. सदर अपघात कोणाच्याही निष्काळजीपणामुळे झालेला नाही. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली माझं नाव टाईप केलेलं आणि सहीची जागा मोकळी. या कलमाखालचा खटला आपसांत मिटवता येत नाही. पण औरंगाबाद खंडपीठात तो रद्द करून घ्यायला गेलं, की घरच्यांचा असा कागद कामाला येतो. हे मला नंतर आमच्या वकिलांनी सांगितलं. तेव्हा मी फक्त वाचत होते.

गाडी कोण चालवत होतं, ते मला माहीत आहे. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याने त्या मुलाला स्टिअरिंगच्या बाजूने उतरताना पाहिलं आणि तसा जबाब दिला. त्यांच्या घरचं म्हणणं असं, की गाडी पगारी ड्रायव्हर चालवत होता. मी विचारलं, "मुलगा कुठाय?" वडील म्हणाले, पुण्याला, परीक्षा चालू आहे. मी विचारलं, "गाडी तोच चालवत होता ना?" त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. फाईलवाला तरुण म्हणाला, "ते कोर्टात ठरेल, मॅडम."

मग माफीचंही कोर्टानंतरच ठरू दे, असं चोख उत्तर मी दिलं, अशी आणखी एक आवृत्ती आहे. मी काही दिलं नाही. उत्तर दोन दिवसांनी सुचलं. त्या वेळी मी चहा टाकायला उठले. मोठीने कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला आणि परत फाईलमध्ये ठेवला. चहा कुणी घेतला नाही. निघताना पाळकसाहेब म्हणाले, "देव तुम्हाला मोठं मन देवो." भले गृहस्थ आहेत. आईच्या आजारपणात दवाखान्यात रात्री जागलेत. पण त्या दिवशी ते माझ्याकडे क्षमेच्या नावाने खोटी साक्ष मागायला आले होते, आणि खोट्या साक्षीविषयीही एक आज्ञा आहे.

तुम्ही लगेच ग्लॅडिस स्टेन्सचं नाव काढता. काढा. मीच शब्बाथ शाळेतल्या पोरांना ती गोष्ट सांगायचे: जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, गाडीत झोपलेले त्यांचे यजमान, मिशनरी ग्रॅहॅम आणि दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप, सहा वर्षांचा टिमथी, जिवंत जाळले. आणि बाईंनी क्षमा केली. इथे मी थांबायचे, पोरं गप्प व्हायची, मग आम्ही गाणं म्हणायचो. तेव्हाची ती मी मला आता भेटते तेव्हा मी तिला विचारते, पुढचं का सांगत नव्हतीस? खटला चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली, पण गाडी आपोआप पेटली असं कुठे लिहून दिलं नाही. सिस्टर राणी मारिया या जोगिणीचंही तसंच. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, तो सुटावा म्हणून घरच्यांनी शब्दही टाकला. पण तोवर तो दोषी ठरून आत होता. कशाची क्षमा, हे दोघांनाही माहीत होतं.

ती जुनी मी ऐकून घेते आणि म्हणते, ग्लॅडिसबाई निकालासाठी थांबल्या होत्या का? नव्हत्या. दारा सिंग सापडायच्याही आधी त्यांनी क्षमा केली होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गुड फ्रायडेला प्रभूचे वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे सात उद्गार, मंडळीत बोलायला वाटून देतात. दरवर्षी पहिला माझ्याकडे यायचा, "हे बापा, त्यांना क्षमा कर". अपघातानंतरच्या वर्षीही कमिटीने नेमका तोच दिला. मुद्दाम की सवयीने, देव जाणे. मी चौथा मागून घेतला, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पण पहिल्याची तयारी मनात झालीच, आणि लक्षात आलं, की प्रभू तिथे 'मी क्षमा करतो' म्हणत नाही, बापाला सांगतो. तेवढं मलाही जमतं, तेही रोज नाही. तो उद्गार लूकच्या शुभवर्तमानातला, आणि त्याच्याच अठराव्या अध्यायात एक विधवा न्यायाधीशाला 'माझा न्याय कर' म्हणत छळते, आणि प्रभू तिला दटावत नाही, उलट तिचं उदाहरण देतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, वेदीखालचे हुतात्मे स्वर्गात पोचूनही विचारतात, कधी करणार आमचा न्याय? त्यांना कुणी मोठं मन ठेवा म्हटलेलं नाही.

वचनं मी माझ्या सोयीची निवडली, असं तुम्ही म्हणाल. निवडली. पाळकसाहेबांनीही त्यांच्या सोयीचं निवडलं होतं.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात त्या पोर्शे गाडीने दोघांना उडवलं, अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. तेव्हा मला माफीचं विचारणारेच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर 'फाशी द्या' लिहीत होते. त्यांना मी विचारलं नाही, की तुम्ही ख्रिस्ती ना?

समजा कागद खरा असता. 'गाडी माझा मुलगा चालवत होता, त्याच्या हातून हे झालं, पदरात घ्या.' केली असती सही? नसती केली. खोट्या साक्षीचा मुद्दा खरा आहे, पण त्याच्या आडोशाला मी सुखाने बसले आहे. त्या मुलाने तुरुंगात जावं असं मला वाटतं. त्याचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा रात्रभर माझ्या मनात जे आलं, ते कुठल्याच प्रार्थनासभेत सांगण्यासारखं नाही. आणि त्याच वर्षी त्याचे वडील बाजारात दिसले, खंगलेले, तर मी होऊन "बरे आहात ना?" म्हटलं. दोन्ही मीच.

रसवंतीवाल्याला समन्स आलंय. आधी दोनदा तो धंदा बंद ठेवून कोर्टात आला आणि तारीख पुढे गेली. त्यालाही त्यांचा निरोप गेला होता, हे त्याने मला सांगितलं. काय निरोप, ते सांगितलं नाही. मी सही केली असती, तर त्या जबाबापायी तोच खोटा ठरला असता. तो ना आमच्या मंडळीतला, ना नात्यातला. तुम्ही पुढच्या वेळी विचाराल तेव्हा आधी त्याच्या तारखेचं विचारा, मग माझ्या माफीचं.