दुपारी बारा वाजून तेवीस मिनिटांनी

गेल्या ११ मे रोजी साखर पेठेतील आमच्या घराच्या गच्चीवर मी कापड मोजायचा लोखंडी मीटर ओळंबा लावून सरळ उभा केला आणि त्याची सावली आखूड होत होत बुडाशी नाहीशी होताना पाहिली. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७.७ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच खाली वसले आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी माथ्यावर येतो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. ऑगस्टमधील दिवस पावसाळी ढगांवर अवलंबून असतो. मे महिन्यातील दिवस मात्र दरवर्षी डोक्यावर तापून जातो, आणि तरीही या गावात पन्नास उन्हाळे काढल्यानंतर तो मुद्दाम उभे राहून पाहावा असे मला वाटले, ते एका पुस्तकामुळे.

ते पुस्तक म्हणजे कार्ल सेगन यांचे १९८० सालचे ‘कॉसमॉस’. त्याच्या आरंभीच एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची हकिकत येते. इजिप्तच्या दक्षिणेकडील सायीनी या गावी वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी काठीची सावली पडत नाही, हे त्याच्या वाचनात आले. अलेक्झांड्रियात मात्र त्याच वेळी सावली पडत होती. पृथ्वी सपाट असती, तर दूरवरून येणाऱ्या सूर्यकिरणांनी दोन्हीकडे सारखेच वागायला हवे होते. ते तसे वागत नाहीत, याचा अर्थ जमीन वळलेली आहे. सावलीवरून काढलेला कोन सुमारे सात अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतील अंतर सुमारे ८०० किलोमीटर. तेव्हा पृथ्वीचा परीघ पन्नास पट, म्हणजे ४०,००० किलोमीटर. शाळेत हा आकडा मी पाठ केला होता. तो कसा सापडला, हे शाळेत मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

माझा भाचा दिल्लीत शिकतो. दिल्ली सोलापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, हे नकाशा उघडल्यावर लक्षात आले आणि मी त्यालाही त्याच दिवशी एक मीटरची काठी उभी करायला सांगितले. त्याच्याकडील सर्वांत आखूड सावली साडेएकोणीस सेंटीमीटर भरली, म्हणजे कोन सुमारे अकरा अंशांचा. दोन शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर साधारण १,२२० किलोमीटर धरले, तर उत्तर ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ येते. आम्हा दोघांनाही झालेला आनंद मी येथे लपवणार नाही. परंतु त्याच संध्याकाळी पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा सावली मोजण्यात अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली, तर परिघात हजारेक किलोमीटरचा फरक पडतो हे दिसले, आणि काठीच्या सावलीची कड काही सुरीने कापल्यासारखी स्वच्छ नसते. आमचे उत्तर बरोबर आले यात नशिबाचा वाटा किती होता, हे या हिशेबातून कळले, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसाची खरी कमाई तीच होती.

आणखी एक गोष्ट मला खटकत राहिली. सावली बारा वाजता नव्हे, तर बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास नाहीशी झाली होती, आणि दिल्लीतील सावली त्याआधी पाचेक मिनिटे सर्वांत आखूड झाली होती. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेस साडेसहा अंशांहून थोडे अधिक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून आपली खरी दुपार सव्वीस मिनिटांनी उशिरा होते, आणि त्यातली तीन-चार मिनिटे मे महिन्यात सूर्याच्या स्वतःच्या चालीमुळे कमी होतात. हा हिशेब जुळवताना मी डावा सोबेल यांच्या १९९५ सालच्या ‘लाँजिट्यूड’ या पुस्तकाकडे परत गेले. ते मी पूर्वी केवळ गोष्ट म्हणून वाचले होते, आणि गोष्ट म्हणून ते उत्तमच आहे. १७०७ साली आपण कोठे आहोत याचा अंदाज चुकल्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर एका आरमाराची चार जहाजे फुटली. १७१४ साली ब्रिटिश संसदेने समुद्रावर रेखांश अचूक सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. आणि जॉन हॅरिसन नावाच्या, शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या सुताराने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्यासाठी घड्याळे बनवण्यात घातली. बक्षिसासाठी चूक अर्ध्या अंशाहून कमी हवी होती. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे, आणि सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटे म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहून कमी. हलत्या जहाजावर, खाऱ्या हवेत, थंडी-उष्णतेत. गच्चीवर ती चार मिनिटे स्वतः मोजल्यावर हॅरिसनच्या कामाची अवघड बाजू मला पहिल्यांदा कळली.

या पुस्तकाविषयी एक तक्रारही नोंदवायला हवी. त्यात हॅरिसनचा प्रतिस्पर्धी मास्केलाइन हा खगोलशास्त्रज्ञ खलनायकासारखा रंगवला आहे. चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याची त्याची पद्धतही खरोखर उपयोगी होती आणि पुढे बराच काळ वापरात राहिली, म्हणून इतिहासकारांनी या चित्रणाला आक्षेप घेतला आहे. लोकप्रिय पुस्तकाला नायक-प्रतिनायक लागतात, हे मी समजू शकते. तरी वाचकाने अशा ठिकाणी पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि त्या विषयावरचे निदान दुसरे एक पुस्तक उघडावे.

चूक कबूल करण्याच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या २०११ सालच्या ग्रंथाचा मला विशेष आदर वाटतो. त्यातील एक प्रसिद्ध कोडे मी चाटी गल्लीत दुकान असलेल्या माझ्या दिरांना सोलापुरी मालात बदलून घातले: चादर आणि नॅपकिन मिळून ११०० रुपये, चादर नॅपकिनपेक्षा १००० रुपयांनी महाग, तर नॅपकिन कितीचा? दिवसभर तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाने तत्काळ “शंभर” म्हटले, मग क्षणभर थांबून स्वतःच “नाही वहिनी, पन्नास” अशी दुरुस्ती केली. मन पहिले सोपे उत्तर कसे उचलते, हे त्या एका क्षणात दिसते. पुढे याच पुस्तकातील, नकळत मिळालेल्या सूचनांचा वागण्यावर होणारा परिणाम सांगणाऱ्या प्रकरणामागचे अनेक प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, आणि अपुऱ्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण फाजील विश्वास ठेवला, असे कानेमन यांनी २०१७ साली उघडपणे मान्य केले. म्हणून हे पुस्तक मी कोणाला देते, तेव्हा ते प्रकरण वगळू नका, तर ही हकिकत ठाऊक ठेवून वाचा, असे सांगते.

‘जगातील हजार आश्चर्ये’ या धर्तीची पुस्तके मला फारशी भावत नाहीत. त्यांत माहिती पुष्कळ असते, पण ती कोणी, कोठे उभे राहून, काय मोजून मिळवली, हे नसते. त्यामुळे ती बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची वाटच वाचकाला राहत नाही.

ती वाट दाखवणारे लेखन मराठीत शोधायचे, तर आम्हा सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरातच जन्मले, त्यांनी वनखात्यात अनेक दशके नोकरी केली, २००६ साली येथेच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये येथेच त्यांनी डोळे मिटले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘चकवाचांदण’ वाचताना जाणवते की, पक्ष्याविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या तरी तळ्याकाठच्या पहाटेशी किंवा जंगलातील एखाद्या जाणत्या सोबत्याशी बांधलेले आहे. त्यांची पुस्तके बरोबर घेऊन मी गेल्या दोन हिवाळ्यांत हिप्परग्याच्या तलावावर जाऊ लागले आहे. वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि दिसलेले पक्षी एवढेच लिहिते; ज्याची ओळख पटली नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालते. सध्या त्या वहीत अशी चौदा प्रश्नचिन्हे आहेत.