दर सारखा, मजुरी कमी

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कामात दिव्यांग कामगाराची मजुरी उघडपणे क्वचितच कापली जाते. नगाचा दर सगळ्यांना सारखाच लिहिलेला असतो. फरक पडतो माल वाटताना. कर्णबधिर कामगार मुकादमाशी वाद घालू शकत नाही, म्हणून वेळखाऊ, सदोष माल त्याच्याच पुढ्यात येतो. किंवा तो वर्षानुवर्षं ‘शिकाऊ’ राहतो. विड्यांच्या कामात हेच छाट काढताना, म्हणजे सदोष विड्या बाद करताना होतं. हजारातल्या किती विड्या बाद केल्या, हे अंध बाईला कळणार कसं? बाद विड्या तिच्या हातात मोजून द्यायलाच हव्यात. ही साध्या न्यायाची गोष्ट आहे, मेहरबानी नव्हे.

पुरावा रोजचा ठेवा. घेतलेला माल, दिलेले नग, बाद नग, मिळालेले पैसे, सगळं वहीत त्याच दिवशी तारखेसह लिहा. तेच काम करणाऱ्या दुसऱ्या कामगाराला काय मिळालं, तेही टिपा. तुलनेशिवाय भेदभाव दाखवणं फार अवघड जातं. कोऱ्या व्हाउचरवर सही किंवा अंगठा मुळीच देऊ नका. पुढे तोच कागद ‘पूर्ण मजुरी दिली’ म्हणून समोर येतो.

वेतन संहिता २०१९ नुसार थकलेल्या मजुरीचा दावा ३ वर्षांत करता येतो आणि पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम असतं. चौकशी सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करा. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर अर्जातच मागा.