बाबांचं भिंग आणि भाच्याचं कार्ड

माझे बाबा गिरगावात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आता मी जमवलेल्या पोकेमॉन कार्डांच्या डब्यात असतं. ते लावून पाहिल्याशिवाय मी एकही जुनं कार्ड घेत नाही.

गेल्या रविवारी भाचा धावत आला. "आत्या, पोकेमॉनमधला ड्रॅगनसारखा चारिझार्ड! १९९९च्या पहिल्या संचातलं, १०२ कार्डांतलं चौथं, ४/१०२! चार हजारांत मिळालं."

इतक्या स्वस्तात मिळालं म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. खिडकीपाशी बसून भिंग लावलं. खऱ्या कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांचं दिसतं, पण काळी अक्षरं सलग आणि रेखीव असतात. याची अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होती. शेजारी माझं एक साधं, पण अस्सल कार्ड उभं धरलं. त्याच्या कडेला दोन थरांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसत होती. याच्या कडेला नुसता पांढरा पुठ्ठा. पोराचा चेहरा पडला. मलाही फार लागलं ते. रिक्षाऐवजी चालत क्लासला जाऊन साठवलेले पैसे होते.

त्याला मी एकच सांगितलं, आत कोणती कार्डं निघतील ते न कळणाऱ्या बंद पाकिटांमागे धावू नकोस. पैसे साठव आणि हवं ते एकच कार्ड नीट पाहून घे. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चारही बाजूंची चौकट सारखी आहे का, सगळं बघ. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीला लोकांनी बेसबॉलच्या कार्डांची खोकीच्या खोकी भरून ठेवली. पण छापलीच होती इतकी, की त्यातली बहुतेक आज कवडीमोल आहेत. उलट टॉप्स कंपनीचं १९५२चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड. त्या मालिकेतला न खपलेला माल पुढे समुद्रात बुडवला, असं सांगतात. २०२२ साली मँटलचं असं एक कार्ड, उत्तम राखलेलं, १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आणि राखणं आपल्या मुंबईत सोपं नाही. जुलैत कागद ओल पितो, वरचा चमकता थर पीत नाही, म्हणून चमकणारं कार्ड वाकतं. माझं एक लाडकं कार्ड असंच गेलं. तेव्हापासून प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पावसाळ्याआधी नव्या.

भाचा ते खोटं कार्ड फाडायला निघाला होता. मी फाडू दिलं नाही. पाठीवर मार्करने ठळक 'नकली' लिहून त्याच्याच डब्यात ठेवायला लावलं. पुढचं कार्ड तपासताना शेजारी धरायला लागेल.