रोव्हरची नोंद: फुफाटा, राखड आणि घसरणारी चाकं

मंगळावरच्या रोव्हरसारखी, म्हणजे तिथे फिरणाऱ्या चाकांच्या यंत्रासारखी, छोटी गाडी मी घरी बनवायला घेतली आहे. मागच्या नोंदीत तिचा सांगाडा उभा झाला होता. आता गाडी वावरात उतरली आहे. दिसायला तिचं अजून काही खरं नाही: 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपाच्या चकत्या कापून केलेली सहा चाकं, वायरिंगच्या पाइपाचे हातपाय आणि पोटात फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी. पण रॉकर-बोगी, म्हणजे उंचसखल जागीही सगळी चाकं जमिनीला टेकवून ठेवणारी पायांची जोडणी, चालते, आणि मला तेच हवं होतं. पुढचं डावं चाक अख्ख्या विटेवर चढवलं तरी बाकीची पाच जमिनीला धरून राहतात.

नव्यांसाठी थोडक्यात. ही रचना जेपीएलच्या (नासाच्या रोव्हर बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या) डॉन बिकलरची, 1988 ची. 1997 च्या सोजर्नरपासून पर्सिव्हरन्सपर्यंत नासाची मंगळावरची प्रत्येक गाडी याच पायांवर चालली, आणि 2023 मध्ये चंद्रावर उतरलेला आपला 26 किलोचा प्रज्ञानही. यात स्प्रिंग नाही. डावा आणि उजवा रॉकर (चाकं धरणारा त्या बाजूचा मोठा हात) एका आडव्या दांड्याने जोडलेले असतात, एक बाजू वर गेली की दुसरी तेवढीच खाली दाबली जाते. त्यामुळे धडाचा कल दोन्ही बाजूंच्या सरासरीइतकाच राहतो. माझा दांडा म्हणजे सळईचा तुकडा, मधोमध बोल्ट, दोन्ही टोकांना सायकलच्या दुकानातून आणलेले जोड. त्याचं वेल्डिंग रखडलं ते लाइनमुळे. इकडे थ्री फेज रात्रीची, आणि वेल्डिंगवाला रात्री दुकान उघडत नाही. असो.

मोटरी 10 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 10 फेऱ्यांच्या, घेतल्या आहेत. हिशेबाने गाडी सेकंदाला 6 सेंमी जाते. पर्सिव्हरन्सचा सपाटीवरचा कमाल वेग सेकंदाला 4.2 सेंमी आहे. म्हणजे आमची गाडी तिला मागे टाकते, हे गावात सांगून पाहिलं. कोणावर काही परिणाम झाला नाही.

या महिन्याचं खरं काम घसरण मोजण्याचं. चाक किती फिरलं आणि गाडी किती सरकली, यातला फरक. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीच्या चाकांत मोर्स लिपीत जेपीएल ही अक्षरं कापलेली आहेत आणि ती प्रत्येक फेऱ्याला मातीत उमटतात. लोकांना ती हौस वाटते, पण कॅमेऱ्यातून मागच्या खुणा पाहून गाडी खरंच किती पुढे आली ते त्यावरून कळतं. मी चाकावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या बसवल्या आहेत. त्यातली एक मधून तोडली. चाक एकदा फिरलं की मातीत एक तुटकी रेघ उमटते, पुढच्या फेऱ्याला दुसरी. दोन तुटक्या रेघांमधलं अंतर टेपने मोजायचं, बस. ना एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र), ना जीपीएस.

सिमेंटच्या ओट्यावर एका फेऱ्यात 36 सेंमी. दाबलेल्या मुरमावर 35. बंडीच्या वाटेवरच्या फुफाट्यात 30, म्हणजे सतरा टक्के वाया. मग वीटभट्टीवरून राखड आणली (कोराडी-चंद्रपूरकडच्या वीज केंद्रांची ही राखड आता गावोगाव पोचली आहे), नाल्याची रेती मिसळली आणि दहा अंशांचा चढ केला. तिथे अंतर 20 वर आलं. चव्वेचाळीस टक्के घसरण. चाक अर्धं आत, पट्ट्यांमध्ये राखड गच्च भरलेली, मागे रेघांऐवजी नुसता खळगा. हे करताना तोंडाला दुपट्टा नाही, चांगला मास्क लावा; राखड फार बारीक असते.

मिश्रणाची कल्पना माझी नाही. एप्रिल 2005 मध्ये नासाची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावरच्या मेरिडियानीच्या सपाटीवर एका बुटक्या वाळूच्या लाटेत रुतली, पुढे त्या जागेला पर्गेटरी नाव पडलं. तेव्हा जेपीएलमध्ये रेती, डायटोमाइट या हलक्या, बारीक मातीची भुकटी आणि चिकणमातीची पूड मिसळून तशीच जागा तयार केली होती. आधी इथे गाडी रुतवून पाहिली, मगच तिकडे हुकूम पाठवले. जूनच्या सुरुवातीला ती निघाली, आली त्याच वाटेने मागे.

आमच्या धुऱ्याशेजारच्या काकांना यातलं काहीच माहीत नाही. माझी गाडी राखडीत बसलेली पाहून ते म्हणाले, "आता पुढं रेटू नको बाप्पा, अजून आत जाईन. जशी आली तशी मागं काढ." बंडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागे घेतली, निघाली.

ऑपॉर्च्युनिटीच्या जुळ्या गाडीचं, स्पिरिटचं, मात्र असं झालं नाही. तिचं पुढचं उजवं चाक 2006 मध्येच बंद पडलं होतं. टीम तिला उलटी चालवत असे, मेलेलं चाक मागून फरफटत. 2007 मध्ये त्याच चाकाने मातीत तास पाडलं आणि खालून पांढरी माती निघाली, जवळजवळ शुद्ध सिलिका. गरम पाणी किंवा वाफ तिथे कधीकाळी होती याचा तो पुरावा. मे 2009 मध्ये वरचा पातळ पापुद्रा फुटून ती मऊ मातीत बसली ती कायमची. मार्च 2010 नंतर आवाज नाही.

म्हणून मीही पुढच्या उजव्या मोटरीची वायर काढून पाहिली. पुढे चालवली तर गाडी उजवीकडे ओढते आणि मेलेलं चाक नांगराच्या फाळासारखं माती पुढे ढकलत जातं. उलटी चालवली तर बरीच सरळ जाते. दगडांवरही उलटी चाल बरी पडते. क्युरिऑसिटीचे चालकही चाकं वाचवायला कधीकधी तिला उलटी नेतात. तिच्या चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा, आणि टोकदार, जमिनीत रुतलेल्या दगडांवर मागची चाकं पुढच्यांना रेटतात तेव्हा तो फाटतो.

वजनाबद्दल दोघांनी विचारलं होतं. मंगळावर वजन इथल्या 38 टक्केच भरतं. जेपीएलकडे स्केअरक्रो नावाची चाचणीची गाडी आहे, मेंदू (संगणक) काढलेली आणि इतकी हलकी केलेली की इथे तिचा भार क्युरिऑसिटीच्या मंगळावरच्या भाराइतका भरतो. मी बॅटरी बाहेर ठेवून लांब वायरने गाडी चालवली, घसरण लगेच कमी झाली. पण यावर फार विसंबू नये. मंगळावर गाडी हलकी होते तशी वाळूही हलकी होते, तिच्या कणांची एकमेकांवरची पकड सैल पडते. ते आपल्या वावरात करून दाखवता येत नाही.

काळ्या मातीत का नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. कोरडी असली की भेगांत चाक अडकतं, ओली असली की चार फेऱ्यांत प्रत्येक चाक मातीचा गोळा होतं. गंमत अशी की हिला चिकट करणारी स्मेक्टाइट गटातली चिकणमाती क्युरिऑसिटीलाही गेल विवरातल्या यलोनाइफ बेच्या खडकात सापडली आहे. दोन्हीकडे मूळ बेसाल्टच. फक्त तिकडे तिचा आता दगड झाला आहे, चाकाला चिकटत नाही.

शेवटी एक आंधळी फेरी केली. पुतणी वावरात, मी घरी. ती गाडीचा फोटो पाठवणार, मी हुकूम लिहून देणार, आणि दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं थांबायचं. मंगळापर्यंत संदेशाला 3 ते 22 मिनिटं लागतात, त्यातलं हे मधलं. अख्ख्या सकाळी गाडी एका धुऱ्यावरून विहिरीपर्यंतही पोचली नाही. अपोलो 17 च्या दोघांनी 1972 मध्ये चंद्रावर तीन दिवसांत गाडीने 35 किमी पालथे घातले, ऑपॉर्च्युनिटीला 45 किमीला चौदा वर्षं लागली. माणूस कशाला पाठवायचा म्हणणाऱ्यांनी एकदा अशी फेरी करून पाहावी. अर्थात चौदा वर्षांचा डबा त्या दोघांना कोणी दिला नसता.

पुढे पट्ट्या बदलायच्या आहेत. क्युरिऑसिटीच्या चाकावर 24 बाकदार पट्ट्या होत्या, पर्सिव्हरन्सवर 48, जवळजवळ सरळ, आणि पत्रा जाड. मी सध्या 12 वर आहे. 24 करून त्याच चढावर तेच मिश्रण पुन्हा. पाऊस लागायच्या आत हे उरकायला हवं. कोणाकडे कमी आरपीएमच्या मोटरींचे धातूचे गिअर दातरे न झिजता टिकले असतील तर मोटर कुठली ते कळवा. माझ्या दोन कुरकुरायला लागल्या आहेत.