रस्ता कुणाचा? : मेडिकल कोडिंग शिकतानाचा माझा अनुभव

फिजिओथेरपी शिकलेली मुलगी हिंजवडीत रात्री बारा वाजता अमेरिकेतल्या कुणाचं तरी मोडलेलं हाड वाचत बसते, हे आईच्या अजून गळी उतरलेलं नाही. "पण पेशंट कुठंय?" हा तिचा कायमचा प्रश्न. पेशंट नाही, डॉक्टरांनी लिहिलेला चार्ट असतो. त्यातून आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे अमेरिकेत आजार-जखमांसाठी वापरतात त्या यादीतले, कोड काढायचे, मग बिल विमा कंपनीकडे जातं.

ट्रेनिंगमध्ये नाव-गाव काढलेले सरावाचे चार्ट देतात. माझ्या वाट्याला आलेला असा: चौतीस वर्षांचा पुरुष, एटीव्ही चालवताना कच्च्या रस्त्यावर उलटला, उजवं कॉलरबोन मधोमध मोडलं. एटीव्ही म्हणजे जाड टायरची, हँडलवाली चारचाकी. कोकणात किनाऱ्यावर पैसे देऊन चक्कर मारतात ती.

हाडाचा कोड मला सोपा वाटला, एस ४२.०२१ ए. पण हाड सरकलंय की जागेवर आहे, हे डॉक्टरांनी लिहिलंच नव्हतं. नियम असा की लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं, आणि जखम उघडी की बंद हे नसेल तर बंद. एक्स-रे न बघता 'सरकलंय' म्हणणं माझ्यातल्या फिजिओला फार जड गेलं. आता सवय झालीय.

खरी फजिती पुढं झाली. अपघात कसा झाला याचा कोड वेगळा, आणि तो कधीच पहिला लिहायचा नाही. व्ही ८६ हे ऑफ-रोड गाड्यांचं घर. त्यात स्नोमोबाइल आहे, वाळूतली बग्गी आहे, आणि ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन बंबसुद्धा! (ते तिथं काय करतात, मला अजून उमगलेलं नाही.) 'व्ही' धरून चौथ्या जागी ० म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर जखमी झालेला चालक, ५ म्हणजे रस्त्याबाहेर जखमी झालेला. चार्टात 'रस्ता' दिसला, मी व्ही ८६.०५ (शेवटचा ५ एटीव्हीचा) टाकून मोकळी.

ऑडिटमधून एरर परत आली. ऑडिटर मॅडमनी बोलावून एवढंच विचारलं, "रस्ता कुणाचा?"

मला उत्तर येईना. सार्वजनिक रस्ता म्हणजे हक्कानं किंवा वहिवाटीनं लोकांना खुला असलेला. साध्या गाडीचा अपघात असेल आणि जागा लिहिलेली नसेल तर तो रस्त्यावरचाच धरतात. अपघातात नुसत्या ऑफ-रोड गाड्या असतील तर उलटं: वेगळं लिहिलं नसेल तोवर रस्त्याबाहेरचा. मॅडमनी नर्सची नोंद उघडून दाखवली. तिथं सरळ लिहिलं होतं, 'वडिलांच्या शेतावर'. मी ती वाचलीच नव्हती. कोड झाला व्ही ८६.५५ एक्स ए. मधला एक्स नुसती जागा भरायला. सोबत ठिकाणाचा वाय ९२.७९, तोही पहिल्या भेटीतच, एकदाच.

शेवटच्या 'ए'नं पुढच्या आठवड्यात आणखी एक एरर दिली. त्याच पेशंटच्या ऑपरेशनला मी 'डी' लावला, कारण भेट दुसरी होती. पण 'ए' म्हणजे पहिली भेट नव्हे, उपचार अजून चालू आहेत. प्लेट बसल्यावर हाड नीट जुळतंय का बघायला तो येईल, तेव्हा 'डी'.

शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा म्हणायचा, अपघाताच्या कोडांची सक्ती देशभर नाही, मग एवढा जीव का काढायचा? खरंय त्याचं, काही राज्यं आणि काही विमा कंपन्याच मागतात. तरी कोण, कशावरून, कुठं पडलं हे कळायची तीच एक जागा आहे, म्हणून मी ते टाळत नाही.

दिवाळीत गावी होते. काकूंचा फोन आला, चुलत्यांचा ट्रॅक्टर कलंडला. माझ्या तोंडून गेलं, "रस्त्यावर की रानात?"

"अगं," काकू ओरडल्या, "आधी लागलंय का ते तरी विचार!"